वॉटरटाउनच्या तळघरात

जपून उतरा, जिना अरुंद आहे. खाली पोचलात की आधी घर तापवणाऱ्या भट्टीची धग लागेल. तिच्या शेजारी जी चिंचोळी जागा उरली आहे, तिथंच आपल्याला थांबायचं आहे. भिंतींना पाइनच्या फळ्या ठोकल्या आहेत. या तळघरात अधूनमधून पाणी शिरतं, म्हणून जमिनीवरच्या वायरींना पाय लावू नका. एका बाजूला ड्रम, कोपऱ्यात हॅमंड ऑर्गन आणि त्याचा लेस्ली स्पीकर अक्षरशः कोंबलेला. ऑर्गन वाजवायचा त्या दिवशी ड्रम सोडवून एकावर एक रचून ठेवावे लागतात. ड्रम वाजवायचे त्या दिवशी पुन्हा सगळी मांडामांड.

साल १९७५. हिवाळा तोंडावर आलाय. गावाचं नाव वॉटरटाउन, अमेरिकेतल्या बोस्टन शहराला खेटून. तुम्ही धुळ्याहून आला आहात, पन्नास वर्षं मागं. दिवसा तुमची एमआयडीसीत नोकरी आणि रात्री घराची मागची खोली. तिथं एक संगणक, साउंड कार्ड, एक माइक, आणि बाहेरचा आवाज आत येऊ नये म्हणून दाराला टांगलेली जुनी गोधडी. लग्नसराईत वाजतील अशी अहिराणी गाणी तुम्ही तिथं बांधता. तुम्हाला जो तो सांगतो की मुंबईत एखाद्या खऱ्या स्टुडिओत जा, घरच्या खोलीत काय गाणं होतं? म्हणूनच तुम्हाला इथं आणलंय. इथं तुम्ही कोणाला दिसणार नाही, तुमचा आवाज टेपवर उमटणार नाही. नुसतं बघा.

हेडफोन लावून बसलेला तो उंच माणूस टॉम शोल्झ. वय २८. एमआयटीतून मेकॅनिकल इंजिनिअरिंगची पदवी, त्यावर पदव्युत्तर पदवी. दिवसा तो पोलरॉइडमध्ये, म्हणजे झटपट फोटोचे कॅमेरे करणाऱ्या कंपनीत, प्रॉडक्ट इंजिनिअर आहे. लहानपणी पियानो शिकला, गिटार हातात घेतली ती थेट कॉलेजच्या वयात, आणि तीही कोणी न शिकवता. पगारातून जे वाचतं ते या तळघरात जातं. माइकसमोर उभा आहे तो ब्रॅड डेल्प. कॉफीच्या यंत्रांत बसणाऱ्या तापत्या कॉइल जिथं बनतात, अशा कारखान्यात त्यानं काम केलंय. त्याच्या गळ्याचा पल्ला ऐकाल तेव्हा कळेल की एवढ्या उंच स्वरात तो ओरडत नाही, गातो.

आता त्या यंत्राकडे नीट बघा. स्कली कंपनीचं बारा ट्रॅकचं टेप मशीन. एक इंच रुंदीची फीत, तिच्यावर शेजारी शेजारी बारा पट्ट्या. एका पट्टीवर गिटार वाजवायची, फीत मागं घ्यायची, पहिली गिटार कानात ऐकत दुसऱ्या पट्टीवर तीच ओळ पुन्हा वाजवायची. दोन्ही हुबेहूब जुळल्या की आवाज जाड होतो, आणि किंचित सरकल्या की चिखल होतो. तुमच्या संगणकावर चुकलं तर एक बटण दाबून मागं जाता येतं. इथं जुन्यावर नवं वाजवलं की जुनं गेलं, कायमचं. म्हणून शोल्झ रेकॉर्डचं बटण दाबण्याआधी क्षणभर थांबतो. तो बोटांना आठवण करून देतोय.

तो वाजवतो. पुसतो. पुन्हा वाजवतो. बास गिटारही त्याचीच, ऑर्गनही त्याचाच. डेल्प एक आवाज देतो, मग त्याच्यावर दुसरा, मग तिसरा. सगळे मिळून ऐकले की पाचसहा जणांचा वृंद गातोय असं वाटतं, आणि खोलीत तर एकच गायक उभा असतो. जी गाणी तुम्ही ऐकताय त्यांतलं एक, 'मोअर दॅन अ फीलिंग', शोल्झ पाच वर्षं घडवतोय. चार-पाच मिनिटांचं गाणं, पाच वर्षं! द लेफ्ट बँक नावाच्या गटाचं एक जुनं गाणं ऐकून त्याच्या मनात काहीतरी हललं होतं. ते नेमकं काय होतं हे सापडेपर्यंत तो खोदत राहिला.

मला तुम्हाला दाखवायचं होतं ते हेच. तळघर स्वस्त पडतं म्हणून तो इथं बसलेला नाही. भाड्याच्या स्टुडिओत घड्याळ पैसे खातं. तास संपत आला की कानाला खटकलेली जागाही 'चालेल' वाटायला लागते. इथं चालेल म्हणायला लावणारं कोणी नाही. उद्या रात्री पुन्हा बसता येतं, परवा पुन्हा. या खोलीनं शोल्झला दिलं ते एवढंच, पण मोठमोठ्या कलाकारांनाही ते मिळत नव्हतं.

याआधी काय झालं तेही ऐकून ठेवा. याच तळघरात केलेल्या नमुन्याच्या टेपा शोल्झनं एकामागून एक रेकॉर्ड कंपन्यांना पाठवल्या होत्या, आणि नकारांवर नकार आले होते. मग एकदाची एपिक कंपनी तयार झाली. पण करारात अट घातली की गाणी पुन्हा नव्यानं ध्वनिमुद्रित करायची, नावाजलेल्या स्टुडिओत, अनुभवी निर्मात्याच्या हाताखाली. ज्या टेपा ऐकून कंपनीनं करार केला, त्यांचाच आवाज कंपनीला कच्चा वाटत होता.

निर्माता ठरला जॉन बॉयलन. या गोष्टीत मला शोल्झइतकाच हा माणूस मोठा वाटतो. तो या तळघरात आला, त्यानं ऐकलं आणि ओळखलं की हे दुसरीकडे होणार नाही. मग दोघांनी मिळून बेत केला. बाकीची मंडळी, म्हणजे गिटारवाला बॅरी गुड्रो, बासवाला फ्रॅन शीहॅन, ड्रमवाला सिब हॅशियन आणि डेल्प, यांना घेऊन बॉयलन लॉस एंजेलिसला गेला. कंपनीच्या डोळ्यांसमोर, झगझगीत स्टुडिओत, त्यांनी 'लेट मी टेक यू होम टुनाइट' हे एक गाणं केलं. कंपनी निर्धास्त झाली. शोल्झ मात्र घरीच होता. भट्टीशेजारी बसून उरलेला अल्बम तो आपल्या पद्धतीनं करत होता.

थोडे महिने पुढं सरकू, १९७६ च्या वसंतात. घराबाहेर ट्रक उभा राहिलाय. ध्वनिमुद्रणाची सगळी सामग्री पोटात घेतलेला तो फिरता स्टुडिओ आहे. त्यातून जाड केबल निघते आणि तळघराच्या खिडकीतून आत शिरते. बारा ट्रॅकच्या फितीवरचं सगळं ट्रकमधल्या चोवीस ट्रॅकच्या रुंद फितीवर उतरवून घेतलं जातंय. शेजारपाजारच्यांना वाटत असेल की पाण्याचा निचरा करायला कोणी आलंय. त्या केबलमधून काय जातंय हे तुम्हाला ठाऊक आहे. तिच्याजवळ जरा वेळ उभे राहा. रात्री नोकरीवरून दमून आलेल्या माणसानं साठवलेली वर्षं त्या केबलमधून जाताहेत.

यापुढचं काम लॉस एंजेलिसमध्ये. मिक्सिंगच्या टेबलावर तीन माणसं दाटीवाटीनं बसली आहेत. गिटारींच्या कळा शोल्झकडे, ड्रम बॉयलनकडे, गायकीचे आवाज इंजिनिअर वॉरन ड्यूईकडे. आज संगणक लक्षात ठेवतो की कुठल्या सेकंदाला कुठला आवाज किती चढवायचा. इथं ते तिघांच्या बोटांनी लक्षात ठेवायचं. एकाचा हात चुकला की गाणं पहिल्यापासून.

चला, आता घरी. पण तुमच्या काळात लगेच नको. बुधवार, २५ ऑगस्ट १९७६. धुळ्याजवळचं पांझरेकाठचं गाव. श्रावण अमावास्या, म्हणजे पोळा, अहिराणीत पोया. दुपारपासून बैलांची शिंगं रंगवून झाली आहेत, अंगावर झुली, कपाळाला बाशिंगं. आदल्या दिवशी खांदे मळले होते, त्या हळदीचा पिवळेपणा अजून दिसतोय. मिरवणूक फिरून बैल घरोघरी पूजा घेऊन आलेत. चुलीवर पालथं खापर आणि त्यावर हातानं वाढवत नेलेली पुरणपोळी. म्हातारी आधी बैलाला भरवते, मग पोरांना.

रात्रीचे आठ वाजायला आले तशी ओसरीवर गर्दी झाली आहे. ट्रान्झिस्टर लाकडी फळीवर ठेवलाय. कोणीतरी काटा फिरवतो, खरखर, शिट्टी, पुन्हा खरखर, आणि मग सिलोन लागतं. बुधवारी आठला बिनाका गीतमाला. अमीन सायानींचा आवाज मुंबईत टेपवर भरून कोलंबोला जातो आणि तिथून लघुलहरींवरून या ओसरीवर येतो. आणीबाणीला आज चौदा महिने झाले. आकाशवाणीवर किशोरकुमारची गाणी मे महिन्यापासून बंद आहेत, त्यानं सरकारी कार्यक्रमात गायला नकार दिला म्हणून. सिलोनवर दिल्लीचा हुकूम चालत नाही. 'कभी कभी'ची गाणी या वर्षी सगळ्यांच्या तोंडी आहेत आणि पोरं कुठलं गाणं कितव्या पायरीवर येणार यावर पैज लावून बसली आहेत.

आत्ता, सायानींनी श्रोत्यांना साद घातली त्या घटकेला, बोस्टनमध्ये सकाळचे साडेदहा वाजलेत. आज तिथं एक तबकडी विक्रीला आली आहे. मुखपृष्ठावर उलट्या गिटारीच्या आकाराची अवकाशयानं, खाली जळणारी पृथ्वी. गटाचं नाव बोस्टन, अल्बमचंही नाव तेच. आठ गाणी. या ओसरीवर ती कोणाला ठाऊक नाही आणि पुढं कित्येक वर्षं ठाऊक होणार नाही. रॉकच्या तबकड्या मुंबईच्या मोजक्या दुकानांत मिळतात, आणि मुंबई इथून रात्रभराच्या प्रवासावर आहे. चाळीसगावला गाडी बदलायची ती वेगळीच. पण आवाज टेपवर भरायचा आणि टेप दुसरीकडे नेऊन जगाला ऐकवायचा, हा व्यवहार या ओसरीला नवा नाही. तिच्यासमोर तोच चालू आहे.

तिकडे काय झालं ते सांगतो. रेडिओवाल्यांनी 'मोअर दॅन अ फीलिंग' उचलून धरलं. बिलबोर्डच्या यादीत ते पाचव्या क्रमांकापर्यंत गेलं, अल्बम तिसऱ्यापर्यंत. दोन-तीन महिन्यांत दहा लाख प्रती खपल्या. ग्रॅमीच्या 'सर्वोत्तम नवे कलाकार' या गटात नामांकन मिळालं, पुरस्कार दुसऱ्यांना गेला. आज एकट्या अमेरिकेतली त्या अल्बमची प्रमाणित विक्री १ कोटी ७० लाख आहे. शोल्झनं नोकरी लगेच सोडली नव्हती. गाणं रेडिओवर वाजत होतं आणि ते करणारा माणूस सकाळी कामावर जात होता. पगाराची किंमत ठाऊक असलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही.

आणि समीक्षक? त्यांना हा आवाज फार गुळगुळीत वाटला. त्याच वर्षी एप्रिलमध्ये रामोन्सचा पहिला अल्बम आला होता आणि पंकचं वारं सुटलं होतं. गाणं खरखरीत हवं, झटकन उरकलेलं हवं, चुका तशाच ठेवलेल्या हव्यात, असा तो काळ. त्या कानांना बोस्टनचं काटेकोरपण खोटं वाटलं. पुढं 'कॉर्पोरेट रॉक' असा शिक्का तयार झाला आणि तो या गटाच्या कपाळी बसला. कंपनीनं साच्यातून काढलेलं संगीत, असा त्याचा अर्थ.

मला हा शिक्का अन्यायाचा वाटतो, आणि शांतपणे म्हणून सोडून द्यावा एवढा लहानही वाटत नाही. कंपनीनं केलेलं या अल्बममध्ये सगळ्यात कमी होतं. कंपनीला तर तळघर नको होतं! बोस्टनचं यश बघून पुढं अनेक गटांनी तो चकचकीतपणा तेवढा उचलला, हे खरं. तशा नकलांना नावं ठेवा. पण गुळगुळीत ऐकू येतं म्हणून ते सहज झालं असेल, असं ठरवणाऱ्यांनी ते ड्रम सोडवून रचून ठेवण्याचे खटाटोप पाहिले नव्हते. तुम्ही पाहिलेत.

पुढची वर्षं भराभर ओलांडू, कारण त्यांत भांडणं फार आहेत. १९७८ मध्ये दुसरा अल्बम आला, यादीत पहिल्या क्रमांकावर गेला. तरी शोल्झचं म्हणणं होतं की त्याला घाई करायला लावली. तिसऱ्याच्या वेळी तो अडून बसला. झाल्याशिवाय देणार नाही म्हणाला. कंपनी अल्बम वेळेत दिला नाही म्हणून कोर्टात गेली. तिसरा अल्बम आला १९८६ मध्ये, आठ वर्षांनी, दुसऱ्या कंपनीकडून, आणि तोही पहिल्या क्रमांकावर. १९९० मध्ये ज्यूरीनं शोल्झच्या बाजूनं कौल दिला. मधल्या काळात त्यानं स्वतःची कंपनी काढून रॉकमन नावाचा, हेडफोनवर वाजणारा हातात मावेल एवढा गिटार अँप्लिफायर बनवला होता. घरात बसून रात्री सराव करणाऱ्या असंख्य पोरांनी तो घेतला. तळघरात राबलेल्या इंजिनिअरला अशा पोरांची अडचण दुसऱ्यानं सांगायची गरज नव्हती. पण खटल्यात आणि वाट पाहण्यात गटाची उमेदीची वर्षं गेली, जुने सोबती सुटले. हट्टाची ही किंमतही बघून ठेवा.

आता धुळे, तुमचा काळ, तुमची खोली. दाराला तीच गोधडी. संगणकात हवे तितके ट्रॅक. शोल्झकडे बारा होते, तुमच्याकडे मोजदादच नाही. कंपनीच्या नकाराची चिठ्ठी यायची भीती नाही, कारण मध्ये कंपनीच नाही. गाणं यूट्यूबवर टाकलं की ते शिरपूरच्या शेतात, सुरतेच्या कापड बाजारात आणि पुण्याच्या हॉस्टेलात एकाच वेळी वाजतं. 'हाई झुमका वाली पोर' हे भैय्या मोरे आणि अंजना बर्लेकर यांच्या आवाजातलं गाणं खान्देश ओलांडून महाराष्ट्रभरच्या वरातींत पोचलं. ज्यांना अहिराणीचा एक शब्द कळत नव्हता तेही त्यावर नाचले. कुठं ध्वनिमुद्रित झालं, कोणी पैसे घातले, हे नाचणाऱ्यांपैकी कोणी विचारलं नाही. 'ही काय गाणी, ही काय भाषा' म्हणणारेही होते आणि आहेत. त्यांचं ऐकून घ्या, उत्तर देऊ नका. शोल्झनंही उत्तर म्हणून पुढचं गाणंच केलं.

पण एका बाबतीत तुमची खोली त्या तळघराहून गरीब झाली आहे, आणि ते मला बोलल्याशिवाय राहवत नाही. तुमच्याकडे वेळ उरलेला नाही. स्टुडिओचं घड्याळ गेलं आणि मोबाइलचं आलं. तुळशीचं लग्न लागलं की सराई सुरू, त्याच्या आत गाणं पडायला हवं. बँडवाल्यांना चाल बसवायला चार दिवस हवेत. शेजारच्या पोरानं गेल्या आठवड्यात टाकलेलं गाणं लाखभर लोकांनी बघितलं, म्हणून तुमचंही उद्या जायला हवं. मग ताल तयार लूपवरून उचलला जातो, आवाज ऑटोट्यूनमधून सरळ केला जातो, आणि दहा खोल्यांतली दहा गाणी एकाच तोंडवळ्याची निघतात. यंत्राला दोष नाही. शोल्झ तर यंत्रांचाच माणूस होता. फरक एवढाच की यंत्रापाशी तो पाच वर्षं बसला.

आज रात्री खोलीत तुम्ही तिघं आहात. गायक धुळ्याचाच, ढोलकीवाला जळगावहून आलाय, एरंडोल-पारोळा करत संध्याकाळच्या बसनं, आणि त्याला पहाटेच्या गाडीनं परतायचंय. ध्रुपद बसलंय. दुसऱ्या कडव्याच्या शेवटी गायकाचा श्वास तुटतो आणि शेवटचं अक्षर खाली पडतं. एरवी तुम्ही ते अक्षर माउसनं उचलून जागेवर ठेवलं असतं, अर्ध्या मिनिटाचं काम. ढोलकीवाला घड्याळाकडे बघतो. गायक तुमच्याकडे बघतो.

"भाऊ, आखो एक टेक लेऊत," तुम्ही म्हणता.

तो टेकही पडतो. त्यानंतरचाही. चौथ्या वेळी गायक श्वास कुठं घ्यायचा हे स्वतःच शोधून काढतो, कडव्याच्या मधोमध, शब्द न तोडता. ढोलकीवाल्याला ती जागा इतकी आवडते की तो तिथं आपली थाप बदलून मागतो, म्हणजे ताल पुन्हा पहिल्यापासून भरायचा. त्याची पहाटेची गाडी चुकणार हे आता तिघांनाही कळलंय. गाणं या सराईत येत नाही. तुम्ही बँडवाल्याला तसा निरोप टाकता आणि ढोलकीचा माइक पुन्हा लावायला घेता.